नाना शास्त्रांचे संशोधन आणि आपले शेत

आमच्या गावी सोसायटीच्या ओट्यावर सायंकाळी वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन होत असते. मध्यंतरी त्यात एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाची हकीकत छापून आली होती व कोणी कोणत्या विषयावर प्रबंध लिहिला ह्याची यादीही तीत होती. कोणी जमिनीतील सूक्ष्म जंतूंवर, कोणी एका ताम्रपटावर, कोणी ऊसतोडणी मजुरांच्या स्थलांतरावर, तर एका बाईंनी जात्यावरील ओव्यांवर प्रबंध लिहिला होता. यादी वाचून होताच बारा एकर बागाइताचे धनी असलेले आमचे एक स्नेही म्हणाले, "भाऊसाहेब, जंतूंचे समजले. त्यातून उद्या एखादे खत निघेल. पण ओव्या मोजून आणि तांब्याचा पत्रा घासून कोणाच्या घरात दाणा येणार? ह्या सगळ्याला संशोधनच कसे म्हणतात?"

प्रश्न रास्त होता व त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांस नीट देता आले नाही. आमचे शिक्षण मराठी शाळेपुरते. पुढील सारे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. तथापि सेवानिवृत्तीनंतर फुरसत मिळाल्याने ह्या विषयावर जे वाचन घडले व दप्तरात बसून जे अनुभवास आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम संशोधन कशास म्हणावे हे पाहू. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात अद्याप नोंदलेले नाही असा प्रश्न घ्यावयाचा, त्याचे उत्तर शोधावयाचे, आणि ते कोणत्या वाटेने सापडले हे इतके उघड करून ठेवावयाचे की दुसऱ्या कोणास त्याच वाटेने जाऊन ते खरे की खोटे हे तपासता यावे. आमच्या समजुतीप्रमाणे ह्यासच संशोधन म्हणतात. विषय जंतूंचा असो की ओव्यांचा, ही अट सर्वांस सारखीच लागू आहे. निराळी असते ती तपासण्याची रीत.

आमच्या ह्याच स्नेह्यांनी दोन वर्षांपूर्वी एक नवे खत आणून विहिरीजवळच्या तुकड्यात घातले व पीक उत्तम आले म्हणून त्या खताची वाखाणणी ते अजून करतात. आता विहिरीजवळचा तो तुकडा मुळातच कसदार. तेथे खत न घालताही पीक चांगलेच आले असते. मग यश खताचे की जमिनीचे? ह्या पेचातून सुटण्याचा उपाय रोनाल्ड फिशर ह्या गणितज्ञाने इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर काम करीत असता १९२० नंतरच्या वर्षांत पद्धतशीर मांडला. शेताचे पुष्कळ लहान वाफे करावयाचे व कोणत्या वाफ्यात खत घालावयाचे आणि कोणत्यात नाही हे स्वतःच्या मर्जीने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, म्हणजे चांगली जमीन व वाईट जमीन दोन्ही बाजूंस सारखी वाटली जाण्याचा संभव राहतो आणि उरलेला फरक दैवाचा किती हे गणिताने सांगता येते. चिठ्ठी टाकण्यासारखी पोरखेळ वाटणारी गोष्ट शास्त्राच्या पायाशी आहे, हे वाचून आम्हांस तरी नवल वाटले. त्याच प्रयोगक्षेत्रावर ब्रॉडबाल्क नावाचे एक शेत आहे. तेथे १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू असून त्यातील एका पट्ट्यास तेव्हापासून आजतागायत खताची एक मूठही दिलेली नाही. बाकीच्या पट्ट्यांची तुलना करावयास असा एक उपाशी पट्टा लागतो.

पीक किती आले हे मोजणे ही तर त्याहून अवघड बाब. आमच्या नोकरीच्या आरंभी पैसेवारी बहुतांशी नजरेने ठरत असे. जुने लोक तिला आणेवारीच म्हणत. पन्नास पैशांची रेष फार महत्त्वाची. तिच्या खाली गाव गेले की टंचाईच्या सवलती, वर राहिले की काही नाही. अशा ठिकाणी नजर किती निर्मळ राहत असेल ह्याचा तर्क वाचकांनीच करावा. नजरेऐवजी शेते व शेतांतील जागा चिठ्ठीच्या तत्त्वाने निवडून तेवढ्याच तुकड्यातील पीक कापून, मळून, तोलून सरासरी काढावयाची ही कापणी प्रयोगाची पद्धत हिंदुस्थानात रुजविणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे प्रमुख होते. हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्यांचे एक संशोधन १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. कापणीसाठी तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसते, असे ते होते.

ह्याचे कारण आम्ही वहीवर आकडे मांडून पाहिले व ते कोणासही पाहता येतील. तुकड्याच्या दोरीवर जी ताटे येतात ती कापणारा सहसा आत ओढतो. चारी बाजूंनी फक्त पाच सेंटिमीटर अधिक कापले गेले असे धरू. एक मीटर लांबरुंद तुकडा घेतला असेल तर तो प्रत्यक्षात १.१० मीटर लांबरुंद होतो. क्षेत्र १ चौरस मीटरऐवजी १.२१ होते, म्हणजे शेकडा २१ जादा. दहा मीटर लांबरुंद तुकड्यात तेवढीच चूक केली तर क्षेत्र १०० ऐवजी १०२.०१ होते, म्हणजे शेकडा २ जादा. चूक तीच, परंतु लहान तुकड्यात तिची किंमत दहापट. पीकविम्याची भरपाई ठरविताना अशाच कापणीच्या आकड्यांचा आधार घेतात. आकडा फुगला तर भरपाई बुडते. तरी कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर हजर राहून दोरी कशी पडते हे पाहणारे खातेदार आम्ही नोकरीत फारच थोडे पाहिले.

येथवर शेताचे झाले. शेताच्या धन्याचे काय, हा प्रश्न निराळ्या शास्त्राचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे मुळचे रसायनशास्त्रज्ञ. पुण्यास येण्यापूर्वी ते चहाच्या मळ्यांसाठी शास्त्रीय काम करीत. माती व खते तपासणाऱ्या ह्या गृहस्थाने पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले व तेथील जमीन, कर्ज, जमा व खर्च ह्यांचा घरोघर तपास करून १९१७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या कागदांवरून त्यांस असे आढळले की, १७७१ मध्ये ह्या गावी एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये अवघ्या ७ एकरांवर. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे आपल्या जमिनीवर नीट निभावत होती, २८ बाहेरच्या मजुरीच्या जोरावर तगून होती व उरलेल्या ६७ कुटुंबांची तोंडमिळवणी होत नव्हती. पुणे शहराच्या इतक्या निकट असलेल्या गावाची ही दशा होती.

आता ह्या एका पुस्तकात किती विद्या आल्या ते वाचकांनी मोजावे. शेतीचे ज्ञान असल्यावाचून एकराचा खर्च कळत नाही, अर्थशास्त्रावाचून कर्जाचा हिशेब लागत नाही, आणि १७७१ चा आकडा जुने कागद सांभाळणारा व वाचणारा कोणी नसता तर हाती आलाच नसता. तोच नसता तर सात एकर हा आकडा मुका राहिला असता. चाळीसांचे सात झाले हे कळले म्हणून तो बोलला. डॉ. मॅन ह्यांनी दुसऱ्या गावाचा, जातेगाव बुद्रुकचा, असाच अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर होते व ह्याच कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीच्या शास्त्रावर १९४४ मध्ये ग्रंथ लिहिला. शास्त्रांच्या सीमा आपल्या बांधांइतक्या कडक नसतात असे दिसते. जमिनीच्या तुकड्यांचा हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चर्चेत राहून १९४७ मध्ये मुंबई इलाख्यात तुकडेबंदीचा कायदा झाला. तो कायदा अमलात आणताना आमच्या लेखणीखालून गेलेली प्रकरणे आठवली तर कायद्याने तुकडे थांबले असे म्हणण्याचे धाडस होत नाही. परंतु तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही नवे कारकून असताना एका सजाचे काम काही महिने आमच्याकडे आले. शेतोशेत जाऊन उभे पीक पाहावे व मग गाव नमुना बारामध्ये नोंद करावी असा नियम. पावसाची झड लागलेली, ओढ्याला पाणी, आणि वरून तक्ता लवकर पाठविण्याचा तगादा. आम्ही चावडीत बसलो, मागील वर्षाचे पान समोर ठेवले व बाजरीखाली 'ऐजन', तिच्याखाली पुन्हा 'ऐजन' असे करीत संध्याकाळपर्यंत गाव पुरे केले. त्या वर्षी त्या गावात कितीतरी शेतांत प्रथमच कांदा उभा होता, हे आम्हांस पुढे बाजाराच्या दिवशी गाड्या पाहून कळले. काही वर्षांनी एक विद्यार्थी त्याच गावाच्या पीकपाण्याचा अभ्यास करण्यास आला. मुलगा मोठा सालस. आठ दिवस बसून त्याने दहा वर्षांचे नमुने उतरून घेतले. चहा आम्हीच पाजला. प्रबंध पुरा झाल्यावर त्याने आठवणीने एक प्रत पाठविली. तीत लिहिले होते की, ह्या गावाची पीकपद्धती स्थिर असून शेतकरी नवे पीक घेण्यास नाखूश दिसतो. त्या वाक्यात आम्हांस आमचे 'ऐजन' दिसले. आम्ही त्यास पत्र लिहावयास हवे होते, लिहिले नाही.

अशी चूक मागाहून धरता येते काय? येते, आणि ती धरण्याची विद्या ताम्रपट व पोथ्या चाळणाऱ्या पंडितांनीच वाढविलेली आहे, हे आमच्या स्नेह्यांनी ध्यानात घ्यावे. पुण्यास १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले व तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम १९१९ मध्ये आरंभिले गेले. देशभरच्या निरनिराळ्या लिप्यांतील १२५९ हस्तलिखिते त्यासाठी मिळविली. कोणत्याही दोन पोथ्या तंतोतंत जुळत नाहीत. एकीत श्लोक अधिक, दुसरीत उणा, तिसरीत शब्द निराळा. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनी प्रमुख संपादक म्हणून ह्या कामास जी शिस्त लावली, ती आमच्यासारख्या कारकुनास सहज उमगण्याजोगी आहे. दोन गावनकलांमध्ये एकच बरोबर नोंद असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु दोहोंत एकच विचित्र चूक असेल तर समजावे की, एक दुसरीवरून उतरलेली आहे किंवा दोन्ही एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरल्या आहेत. चुकांवरून पोथ्यांची वंशावळ मांडता येते; मग दूरदूरच्या प्रांतांतील ज्या पोथ्यांचा परस्परांशी संबंध आलेला नाही, त्यांत जे समान सापडेल ते जुने मानावयाचे. फेरफाराच्या नोंदी मागे मागे नेत मूळ खातेदारापर्यंत पोचण्याचाच हा प्रकार. हे काम १९६६ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी पुरे झाले. सुखटणकर १९४३ मध्येच वारले होते. आमच्या विद्यार्थ्यास ही दृष्टी कोणी शिकविली असती, तर दहा वर्षे न बदलणाऱ्या रकान्याचा त्यास संशय आला असता.

जेथे कागदच नाही तेथे काय करावे? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जळून कोळसा झालेले दाणे राखेतून निवडून त्यांनी पिके ओळखली. त्यांत जव हे मुख्य धान्य ठरले. पुराचे पाणी वळविण्यासाठी घातलेला बांध व पाटही सापडला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी ह्याच दुष्काळी पट्ट्यात कोणीतरी पाणी अडविण्याच्या खटपटीत होते. शेवटच्या काळात मात्र ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली व लोक शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले. पाऊसमान घटल्यामुळे असे झाले असावे असे ढवळीकरांचे मत होते. दाणा वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखावा, हाडे शरीरशास्त्रज्ञाने तपासावी, मडके पुरातत्त्वज्ञाने, आणि पावसाचा तर्क हवामान जाणणाऱ्याने. एकट्याने हे काम होत नाही. दक्षिणेतील कोरडवाहू प्रदेशात पाऊस हटला की शेतकरी काय करतो, ह्याचा आपल्याजवळचा हा एक फार जुना दाखला. ही माहिती केवळ हौसेची आहे असे ज्यांस वाटते, त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही.

राज्यकारभाराच्या धोरणाविषयीचे संशोधन हा ह्या कुळातील सर्वांत भांडखोर भाऊ, कारण त्याच्या आकड्यामागे तिजोरी असते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ ह्यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्यास परवडते तो दारिद्र्याच्या रेषेवर, असे त्यांनी धरले. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात त्यास वर्षाला १८० रुपये खर्च येत होता आणि ग्रामीण लोकांपैकी शेकडा सुमारे ४० ह्या रेषेखाली होते. गरिबांस मजुरी मिळेल अशी सार्वजनिक कामे काढावी अशी त्यांची शिफारस होती. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या योजनेस त्या काळात मोठे रूप आले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व पुढे २००५ मध्ये सबंध देशासाठी तशा हमीचा कायदा झाला.

परंतु दांडेकरांच्या मोजमापास हरकत घेणारे कोण निघाले, तर कापणी प्रयोगवाले तेच सुखात्मे! त्यांचे म्हणणे असे की, माणसाच्या शरीराची गरज रोज सारखी नसते. तोच मनुष्य एका आठवड्यात कमी व दुसऱ्यात अधिक खाऊन तेच काम करू शकतो. तेव्हा सरासरीखाली दिसणारा प्रत्येक मनुष्य उपाशी असे धरल्यास उपाशांची संख्या फुगते. अन्नाइतकेच शुद्ध पाणी व स्वच्छता ह्यांकडे लक्ष पुरवावे. दांडेकरांस हे मान्य नव्हते. गरीब मनुष्य कमी खातो तो त्याजजवळ पैसा नसतो म्हणून, ही त्यांची बाजू. दोघेही सातारा जिल्ह्याचे, दोघेही संख्याशास्त्र जाणणारे, आणि वाद वर्षानुवर्षे चालला. आमच्या गोठ्यातील दोन बैलांस वैरण सारखी लागत नाही हे आम्ही जाणतो, म्हणून सुखात्म्यांचे म्हणणे पटते. पण दावणीत वैरणच नसताना बैल कमी खातो ह्यावरून त्यास भूक कमी असे कोणी म्हटले तर तेही पटणार नाही. विद्वानांत मतभेद झाला की आपल्याकडे लोक म्हणतात, ह्यांचे ह्यांनाच कळत नाही. वस्तुतः दोघांनीही आपली रीत उघड मांडली म्हणूनच तो वाद आपणांस समजू शकतो.

आता ओव्यांकडे येतो. हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्यांनी मुळशी खोऱ्यापासून आरंभ करून महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरील ओव्या गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. आम्ही तीस वर्षे सातबारा लिहिला. त्यात खुरपणारी, कांदा लावणारी, मळणी करणारी बाई फारच क्वचित आली, आणि आली ती बहुधा नवरा वारल्यावर वारस म्हणून. तिला उन्हाचे, दिराच्या वाटणीचे, माहेरच्या वाटेचे काय वाटत होते हे कोणत्याही नमुन्यात नाही. ते पहाटे जात्यावर बसून तिने स्वतःच सांगून ठेवले आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती गोठ्यामागे पडली, आणि ज्यांस ओव्या येतात त्या आता म्हाताऱ्या झाल्या. पुढील पिढीत हे संशोधन करावयाचे म्हटले तरी करता येणार नाही.

वाचकांकडे कोणी संशोधक वही घेऊन आला तर त्यास काय विचारावे, एवढे सांगून पुरे करतो. तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधतोस, माझे नाव छापणार काय, आणि लिहिलेले मला दाखविशील काय, हे तीन प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. नावाविषयी समाधान झाले नाही तर नकार द्यावा. मात्र होकार दिल्यावर कर्ज निम्मे व उत्पन्न पाऊण सांगू नये. अनुदान सुटेल ह्या भीतीने किंवा सोयरिकीत वजन राहावे म्हणून आपण जे आकडे सांगतो, ते प्रबंधात जातात, तेथून अहवालात व तेथून धोरणात. २०२१ पासून महाराष्ट्रात पीक पाहणीची नोंद मोबाइलवरून खातेदाराने स्वतःच करावी अशी व्यवस्था सुरू झाली आहे. बाराव्या नमुन्यातील जी लेखणी आमच्या हाती होती ती आता वाचकांच्या हाती आहे, आणि पावसाची झड लागली की ओट्यावर बसून 'ऐजन' करण्याचा मोह त्यांसही होणार.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी आम्ही आमच्या त्या स्नेह्यांस वाचून दाखविला. दोरीचा हिशेब त्यांनी दोनदा करून पाहिला व कापणीच्या वेळी हजर राहीन म्हणाले. त्यांच्या मातोश्री ऐंशीच्या घरात आहेत. त्यांस किती ओव्या येतात हे त्यांनी अद्याप विचारलेले नाही. ऊस गेल्यावर विचारतो, असे म्हणाले.